बारा जुनी मशीन, एक सर्व्हर आणि सुरुवातीचा अर्धा मिनिट: आठ महिन्यांचा अनुभव

हार्डडिस्क काढून टाकलेली बारा जुनी मशीन आणि त्या सगळ्यांना पोसणारा एक सर्व्हर, असा संसार मी गेले आठ महिने सांभाळतोय. सर्व्हरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एलटीएसपी, म्हणजे डिस्क नसलेली मशीन नेटवर्कवरून चालवणारी प्रणाली. एकदा डेस्कटॉप समोर आला की दिवसभर तक्रार नसते. जे काही रडगाणं आहे ते बटण दाबल्यापासून पहिल्या अर्ध्या मिनिटातलं, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण मीही त्यात होतो. पूर्वीच्या एलटीएसपीत प्रोग्राम सर्व्हरवर चालायचे आणि मशीन फक्त पडदा दाखवायचं. २०१९ साली ते नव्याने लिहिलं गेलं. आता प्रोसेसर आणि रॅम समोरच्या मशीनचीच वापरली जाते, सर्व्हरकडून येते ती फक्त डिस्क. थिन क्लायंट (फक्त पडदा दाखवणारं मशीन) म्हणायचं ते सवयीने. त्यामुळे ‘सर्व्हर दणकट आहे, मशीन कसंही चालेल’ हा हिशोब चुकतो. माझ्याकडची २ जीबीची मशीन झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून बसवणारी सोय) चालू करून ब्राउझरचे चार-पाच टॅब सोसतात, त्यापुढे धापा टाकतात.

पहिला महिना गेला स्विचपायी, म्हणजे सगळ्यांच्या नेटवर्क केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीपायी. बायोसच्या पीएक्सईला (मशीनमध्येच असलेली नेटवर्कवरून बूट करायची सोय) नेटवर्कचा पत्ता मिळायचा, आयपीएक्सईची (पुढचं बूट सांभाळणारा छोटा प्रोग्राम) फाइल उतरायची आणि नेमकं आयपीएक्सई सुरू झालं की डीएचसीपीवर, म्हणजे पत्ता मागण्याच्या पायरीवर, अडकून हार मानायचं. त्याच मशीनला त्याच सर्व्हरकडून दोन क्षणांपूर्वी पत्ता मिळालेला! मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आठवडाभर डोकं घातलं. शेवटी वैतागून मशीन आणि मोठा स्विच यांच्यामध्ये एक साधा पाच पोर्टचा स्विच टाकला, आणि मशीन निमूटपणे बूट झालं.

कारण असं: मोठ्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलची गोल साखळी होऊ नये म्हणून असलेली खबरदारी) चालू होता. पोर्टवर लिंक आली की तो १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच डेटा पुढे सोडतो. पीएक्सई डीएचसीपीसाठी मिनिटभर चिकाटीने विचारत राहतं, म्हणून ते तरून जायचं. आयपीएक्सई नेटवर्क कार्ड नव्याने सुरू करतं, लिंक क्षणभर पडते आणि स्विचचे ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून. आयपीएक्सईला एवढा धीर नसतो. मध्ये साधा स्विच असला की मोठ्या स्विचच्या बाजूची लिंक पडतच नाही. मशीनच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न पाहता पोर्ट लगेच सुरू करणारी सेटिंग) चालू केलं आणि प्रश्न मिटला.

दुसरं दुखणं जास्त छळणारं, कारण ते लपंडाव खेळायचं. पडद्यावर एरर कोड पीएक्सई-ई३२, म्हणजे टीएफटीपीकडून (सर्व्हरवरून बूट फाइल देणारी सेवा) उत्तर नाही. आज तीन मशीनवर, उद्या एकावर, परवा कुठेच नाही. मी फायरवॉल पाहिली, टीएफटीपीचा ६९ नंबरचा पोर्ट तपासला, केबल बदलल्या. उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून समोर होतं. पीएक्सईच्या पडद्यावर मशीनचा पत्ता येतो तिथेच पत्ता देणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरचाही पत्ता छापलेला असतो, आणि बिघडलेल्या मशीनवर तो वेगळा होता. कुणीतरी भिंतीवरचे पोर्ट कमी पडले म्हणून जुना वायफाय राउटर स्विचसारखा जोडून ठेवला होता, डीएचसीपी चालूच. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन घेणार, आणि चुकीच्या राउटरचा घेतला तर आमचा सर्व्हर त्याला सापडणार कसा? तेव्हापासून अडलेल्या मशीनच्या पडद्याचा मी आधी फोटो काढतो. त्या ओळी दोन सेकंदांत निघून जातात.

बाकीचे कोड सरळ आहेत. ई६१ आला की केबल किंवा पोर्ट बघा. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही. आमच्याकडे पत्ते राउटर वाटतो आणि फाइलचं नाव सर्व्हरवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी होऊन, म्हणजे राउटरच्या जोडीने उत्तर देऊन, सांगतो, त्यामुळे ई५३ दिसला की मी डीएनएसमास्क चालू आहे का ते पाहतो. तरीही उलगडलं नाही तर सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारी कमांड) लावून डीएचसीपीच्या ६७ आणि टीएफटीपीच्या ६९ पोर्टवर काय येतंय ते बघायचं. विनंती पोचतच नसेल तर सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या महिन्यात सगळीच मशीन संथ झाली. दिवे सगळे हिरवे, कुठे एरर नाही. ईथटूल या नेटवर्क कार्ड तपासायच्या कमांडने दाखवलं की सर्व्हरचीच लिंक १०० मेगाबिटवर उतरली होती. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. केबलमधली एक जोडी गेली होती. म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी, तेही बारा जणांत वाटून. केबल बदलली, पाच मिनिटांचं काम.

मशीनचं वय दोन ठिकाणी नडलं. बायोसचा सेल, तो सीआर२०३२, मेला की बूटचा क्रम विसरला जातो आणि मशीन नसलेली हार्डडिस्क शोधत बसतं. घड्याळही वर्षानुवर्षं मागे जातं, मग ब्राउझर प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला नाक मुरडतो. मी सगळ्यांचे सेल एकदमच बदलले. दुसरं म्हणजे दोन मशीन ३२ बिटची निघाली. त्यांच्यासाठी डेबियन १२ ची वेगळी इमेज (मशीनना डिस्क म्हणून मिळणारी तयार फाइल) बनवली, चालली, पण डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. दुहेरी देखभाल कोण करणार? त्यांचे सुटे भाग काढून ठेवलेत आणि त्या जागी दुसरी दोन आणलीत.

रोजच्या वापरातला एक वेंधळेपणा मात्र माझाच. नवीन प्रोग्राम टाकला की इमेज पुन्हा बनवायची, हे लक्षात राहतं. नवीन वापरकर्ता जोडला की इनिट-आरडी (बूट होताना मशीनकडे सुरुवातीला जाणारी छोटी फाइल) पुन्हा बनवायची, हे राहत नाही, कारण खात्यांची यादी तिच्यातून जाते. सर्व्हरवर लॉगिन होतं, मशीनवर होत नाही, आणि माणूस पासवर्ड विसरलाय असं मी त्यालाच ऐकवतो. तीनदा झालंय हे. आता खातं जोडायची आणि इनिट-आरडीची कमांड एकाच स्क्रिप्टमध्ये बांधून टाकली आहे.

एक गोष्ट मनापासून आवडली. कुणाचा पाय लागून केबल निघाली तर मशीन जागच्या जागी गोठतं, आणि ती परत लावली की बहुतेक वेळा तिथूनच पुढे चालू लागतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आधीच रीस्टार्टच्या बटणावर बोट ठेवलं होतं.

अकरा नंबरचं मशीन अजून दर सकाळी पहिल्या फेरीत ई६१ दाखवतं आणि दुसऱ्या फेरीत गुमान बूट होतं. केबल, पोर्ट, सेल सगळं बदलून झालंय. पुढच्या आठवड्यात त्याचं नेटवर्क कार्ड बदलून बघणार आहे.