पंधरा वर्षं ठेवायची गाडी: पेट्रोल, सीएनजी, डिझेल की इलेक्ट्रिक?

दर पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याचा हिशेब वेगळा आणि रिपासिंगपर्यंत एकच गाडी वापरणाऱ्याचा वेगळा. पहिल्याला विकताना किती येतील याची काळजी असते. दुसऱ्याने ती रक्कम शून्य धरूनच चालावं. महाराष्ट्रात खासगी गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओतली नोंदणी, पंधरा वर्षांचं असतं. तेवढी वर्षं, जमलं तर त्याच्याही पुढे, गाडी ठेवायचीच असं ज्यांनी पक्कं केलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. गाडी घेताना घरात चर्चा होते ती किमतीची आणि अ‍ॅव्हरेजची. पण गाडी लांब पल्ल्याला ठेवली की खिसा रिकामा होतो तो आठव्या-नवव्या वर्षानंतरच्या एखाद-दोन मोठ्या दुरुस्त्यांत. प्रत्येक इंधनाची ही मोठी दुरुस्ती ठरलेली आहे. ती कोणती आणि तुमच्या गावात ती कोण करेल, हे आधी बघा. रंग आणि व्हेरियंट नंतर.

सुरुवातीचा खर्च

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली, पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर 1200 सीसीपर्यंतची आणि डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतची गाडी 18 टक्क्यांत बसते. त्याहून मोठी 40 टक्क्यांत जाते. इलेक्ट्रिकला 5 टक्के.

खरी गंमत राज्याच्या एकरकमी वाहन करात आहे, आणि शोरूमचा सेल्समन ती क्वचितच उलगडून सांगतो. दहा लाखांच्या आत पेट्रोलला 11 टक्के, डिझेलला 13 टक्के. सीएनजीला आधी 7 टक्के होता, जुलै 2025 पासून 8 झाला. आता एक उदाहरण घ्या. एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी 8 लाख 10 हजारांना आणि कंपनी-फिटेड सीएनजी 9 लाखांना आहे. फरक दिसतो नव्वद हजारांचा. पण पेट्रोलवर कर बसतो 89,100 आणि सीएनजीवर 72,000. म्हणजे खरा फरक उरतो सुमारे 73 हजार. डिझेलचं उलट होतं: गाडी मुळात महाग आणि कराची टक्केवारीही वरची. इलेक्ट्रिक गाडीला सध्या राज्यात वाहन करातून सूट आहे, शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफीचं धोरण आहे. ठाणे किंवा नवी मुंबईतून दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्या माणसाला हा टोल वर्षाकाठी चांगलाच जाणवतो. पण सरकारी सवलती पंधरा वर्षं टिकतीलच असं धरून हिशेब करू नका.

रोजचं रनिंग

पेट्रोल 104 रुपये आणि गाव-शहर मिळून अ‍ॅव्हरेज 16 धरलं, तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. सीएनजी 85 रुपये किलो आणि किलोला 24 किलोमीटर धरले, तर साडेतीन. प्रत्येक किलोमीटरमागे तीन रुपये वाचले. मघाचे 73 हजार वसूल व्हायला साधारण 24 ते 25 हजार किलोमीटर लागतात. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालत असेल तर दोन वर्षांच्या आत विषय संपला. पण गाडी फक्त रविवारी निघत असेल, वर्षाला चार हजार किलोमीटरच होत असतील, तर सहा वर्षं लागतील. तोवर डिकी अडवलेली टाकी, पंपावरची रांग आणि घाटात दम टाकणारी गाडी सहन करायची, हे मला पटत नाही.

घरी चार्ज होणारी इलेक्ट्रिक गाडी युनिटला साधारण सात किलोमीटर जाते. युनिट 12 रुपये धरलं तरी किलोमीटर पावणेदोन रुपयांच्या आसपास पडतो, चार्जिंगमधली गळती धरून दोन रुपये म्हणा. मात्र महावितरणच्या घरगुती बिलात युनिट वाढले की वरचा टप्पा लागतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवलं तर दीडशेच्या आसपास युनिट बिलात वाढतात आणि ते सगळे त्या वरच्या दराने मोजले जातात. म्हणून गाडीसाठी वेगळं मीटर घेता येतं का, छतावर सोलर बसवता येतो का, हे गाडी बुक करण्याआधी बघा. आणि सोसायटीत राहत असाल तर सगळ्यात आधी स्वतःच्या पार्किंगपर्यंत केबल ओढायची लेखी परवानगी. ती नसेल तर रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहावं लागेल. तिथे युनिटचा दर घरापेक्षा बराच जास्त असतो आणि बचतीचा मोठा भाग तिथेच संपतो.

आठव्या वर्षानंतर

साधं पेट्रोल, म्हणजे टर्बो नसलेलं. या इंजिनात मोडण्यासारखं कमी असतं. इग्निशन कॉइल, सेन्सर, वॉटर पंप, इंजिनाचे माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश ही कामं निघतात, पण तुकड्या-तुकड्याने, आणि बहुतेक कामं तालुक्याच्या गावातला फिटर करतो. टर्बो पेट्रोल चालवायला मजा येते यात वाद नाही. पण दहाव्या वर्षी टर्बो, इंटरकूलरचे पाइप आणि इंजेक्शनचा महागडा पंप यांची भर पडते. इथेनॉलचाही विचार करा. आता पंपावर 20 टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर आणि सील त्याला चालतील असे असतात, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्याने अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. शिवाय ते पाणी धरतं. महिनोन् महिने उभी राहणारी गाडी टाकी अर्धी ठेवून उभी करू नका.

सीएनजीत इंजिन तेच असतं, पण वायूला पेट्रोलसारखा ओलावा नसतो. त्यामुळे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा लवकर झिजतात, स्पार्क प्लगही लवकर बदलावे लागतात. कंपनी-फिटेड गाडीत त्या सीटा मुळातच कडक धातूच्या घातलेल्या असतात, म्हणून बाहेरून किट बसवण्यापेक्षा फॅक्टरीचीच घ्या. टाकी 200 बारच्या दाबाने भरली जाते. तिची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. गाडीला एक पत्र्याची पट्टी लावलेली असते, तिच्यावर टेस्टची तारीख ठोकलेली असते आणि पंपावरचा मुलगा ती बघूनच नळी लावतो. पंधरा वर्षांत ही टेस्ट पाच वेळा येईल. त्यात टाकी उतरवा, एक-दोन दिवस गाडी उभी ठेवा, हे आलंच. खर्च फार नाही, पण दगदग आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत टाकीच्या पट्ट्या आणि नळ्यांचे जोड गंजतात, तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर एक नजर टाकायला सांगा.

डिझेलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या आठवणींवर विसंबून अजूनही लोक डिझेल घेतात. "डिझेल इंजिन म्हणजे पाच लाख किलोमीटर" हे जुन्या गाड्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं होतं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली, तिला डीपीएफ म्हणतात. ही काजळी जाळून टाकायला गाडी पंधरा-वीस मिनिटं तरी बऱ्या वेगात सलग चालावी लागते. मुलाला शाळेत सोडायला दोन किलोमीटर, तिथून मंडईत एक किलोमीटर, असं रनिंग असेल तर जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. दुर्लक्ष केलं तर गाडी वेग धरत नाही. शेवटी जाळी बदलायची वेळ आली की मॉडेलप्रमाणे लाखाच्या घरात बिल जाऊ शकतं. दुसरी गोष्ट तेलाची. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राखेचं ठरावीक ग्रेडचं ऑइल लागतं. वॉरंटी संपल्यावर आपण जवळच्या गॅरेजला जातो, तो ड्रममधलं नेहमीचं ऑइल ओततो, आणि जाळीचं आयुष्य तिथून घटायला लागतं. शिवाय इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) हे सगळं आहेच.

तरीही सोलापूर-पुणे, नाशिक-धुळे असा सलग हायवे आठवड्यातून दोन-तीनदा असेल, सात माणसं आणि सामान घेऊन घाट चढायचे असतील, तर आजही डिझेलच्या ताकदीला तोड नाही. वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या खाली रनिंग असेल तर मात्र मी डिझेल घेऊ नका असंच सांगेन. आणि उद्या बदलीने दिल्लीकडे जायची शक्यता असेल तर तिथले जुन्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंधही लक्षात घ्या.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, टायमिंग चेन नाही. ब्रेक पॅडसुद्धा कमी झिजतात. मोठा खर्च एकच: बॅटरी. बहुतेक कंपन्या 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, काहींनी पहिल्या मालकासाठी ती बरीच वाढवली आहे. त्या कागदावर तीन गोष्टी वाचा: क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, गाडी मुलाच्या नावावर केली तर वॉरंटी राहते का, आणि बाहेर सर्व्हिसिंग केलं तर काय. दोन बॅटऱ्यांत निवड असेल तर एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) रसायनाची घ्या. तिला चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं जास्त झेपतात, आणि ती लवकर तापून पेटत नाही. विदर्भातला मे महिना काढायचा असेल तर बॅटरी द्रवाने थंड होणारी आहे ना, हे विचारून घ्या.

रेंजचा हिशेब आजच्या आकड्यावर करू नका. आज खरी रेंज 280 किलोमीटर मिळत असेल तर बाराव्या वर्षी ती दोनशेच राहील असं समजा. पुण्याहून साताऱ्याला जाऊन परत यायचे सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. तुमची नेहमीची फेरी त्या दोनशेत बसते का? बसत असेल आणि पार्किंग स्वतःचं असेल, तर पुढचा विचार करा. एक गोष्ट मात्र खरी की आपल्याकडे मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली इलेक्ट्रिक गाडी, नेक्सॉन, जानेवारी 2020 मध्ये आली. पंधरा वर्षं चाललेल्या अशा गाड्यांचा अनुभव देशात अजून जमा व्हायचा आहे. इलेक्ट्रिक घेणाऱ्याने बॅटरीसाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकत राहावं. रनिंगमध्ये वाचणाऱ्या पैशातून ते सहज जमतं.

हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली गाडी, चांगली आहे, पण महाग. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज तास-दीड तास काढणाऱ्याला आणि पार्किंगला प्लग नसलेल्याला ती शोभते. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी थंड करणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. तिथे पिशव्या कोंबू नका आणि सर्व्हिसिंगला तिचा फिल्टर साफ करून घ्या.

गिअरबॉक्स आणि कंपनी

इंधनाइतकाच हा निर्णय मोठा आहे. पंधरा वर्षांसाठी मी मॅन्युअल घेईन, आणि ऑटोमॅटिकच हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा). एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा जोडलेला, स्वस्त आहे, पण चढावर ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर क्लचप्लेट लवकर जाते. ड्राय क्लचचा (तेलात न बुडलेल्या दोन क्लचांचा) ड्युअल क्लच गिअरबॉक्स शहरात तापतो. गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं कुणी म्हणालं तरी साठ-सत्तर हजार किलोमीटरला बदला.

कंपनी टिकणार का, हा प्रश्नही विचारा. शेवर्लेची विक्री भारतात 2017 च्या अखेरीला थांबली, फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. फियाटचं उदाहरण मला सांगावंसं वाटतं. कंपनीच्या गाड्या बाजारातून गेल्या, पण रांजणगावच्या कारखान्यात बनणारं तिचं 1.3 लिटर डिझेल इंजिन इतर कंपन्यांच्या गाड्यांतही बसत होतं. त्यामुळे इंजिनाचे पार्ट मिळत राहिले. अडचण झाली ती दिवे, बंपर, दरवाज्यांच्या पार्टची. म्हणून भरपूर खपणारं मॉडेल, आणि शक्यतो अनेक गाड्यांत वापरलेलं इंजिन निवडा. सनरूफही टाळाच. त्याच्या पाणी जायच्या नळ्या काही वर्षांत धुळीने तुंबतात आणि पाणी थेट छताच्या कापडात उतरतं.

कोणती कुणासाठी

वर्षाला आठ हजारांच्या आत रनिंग, अधूनमधून गावाला जाणं: साधं पेट्रोल, मॅन्युअल, मधला व्हेरियंट. रोज पन्नास किलोमीटर आणि वाटेवर दोन तरी सीएनजी पंप: कंपनी-फिटेड सीएनजी. स्वतःचं घर, स्वतःचं मीटर, ठरलेला मार्ग: इलेक्ट्रिक, आणि घरात लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी असेल तर डोळे झाकून. सतत हायवे आणि सात माणसं: डिझेल. यांत कुठेच बसत नसाल तर पेट्रोलकडे झुका, कारण त्यात चुकलं तरी नुकसान कमी होतं.

गाडी कोणतीही घ्या, पत्रा गेला की इंजिन चांगलं असून उपयोग नसतो. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. चिखलाने ती बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास एकेका भोकात प्लास्टिकची काडी फिरवा. पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्या-गुलमोहराचा पाला अडकतो, तोही उचला. कोकणातून आल्यावर गाडी खालून धुऊन घ्या.

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी आपोआप भंगारात जात नाही. आरटीओत तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि पाच वर्षांचं पासिंग मिळतं. कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये आहे. वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला 2025 च्या बदलानंतर 10,000. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज करा आणि त्याआधी हेडलाइट, सायलेन्सर, टायर आणि पत्र्याची कामं उरकून घ्या, कारण तपासणीत गाडी बहुधा याच गोष्टींवर अडते.