साठीनंतरचं वधू-वर सूचक: आठ महिन्यांचा अनुभव (५ पैकी ३ तारे)

नाव लिहीत नाही, पुण्यातलं एक विवाह मंडळ आहे, त्यांचा ज्येष्ठांसाठी वेगळा विभाग आहे एवढं पुरे. मी ६३ ची, मिस्टरांना जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी बेंगलोरला. नाव तिनेच नोंदवलं, मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी फोटो काढायला गेले.

आधी तक्रार. फॉर्म तरुणांचाच आहे, वर नुसतं ज्येष्ठ लिहिलंय. गोत्र, नाडी, रंग, उंची, सगळं. अहो, १९८५ ला मला बघायला आले तेव्हा हेच विचारलं होतं, पोहे मी केलेत का तेही विचारलं होतं (आईने केले होते). आता नाडी जुळवून काय करायचंय? विचारायचं तर हे विचारा ना, की शुगर आहे का, घोरता का, घर कुणाच्या नावावर, मुलांना सांगितलंय का. तेव्हा आईवडिलांच्या परवानगीवर अडायचं, आता मुलांच्या. आमच्या मेळाव्यात एक काका सुनेला कळू नये म्हणून बँकेत जातो सांगून आले होते, वय ७१!

मेळाव्यात बायका सात आणि पुरुष तीसच्या वर. त्यातले निम्मे उभे राहून सांगत होते, घरचं सात्त्विक जेवण करणारी हवी. मी शेजारणीला म्हटलं यांना जोडीदार नको, पोळीवाल्या बाई हव्यात, तर मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं. ते हसणारे गृहस्थ म्हणजे हे, ज्यांच्यामुळे मी तीन तारे देतेय नाहीतर एकच दिला असता.

पुढे मंडळाने सहल काढली भुलेश्वरला. देऊळ सुंदरच आहे पण पायऱ्या आहेत, साठीच्या पुढची माणसं नेताना एवढं सुचू नये? आम्ही दोघं गुडघेवाले खालीच बसलो, दीड तास. सासवडला घेतलेली अंजीरं होती, ते एकेक फोडून आतून नीट बघत आणि मग मला देत. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं त्यांचं, तरी बघत होते.

आता मूळ फरक सांगते. तेविसाव्या वर्षी मी चार चार दिवस रुसायचे, वाटायचं वेळच वेळ आहे. आता सकाळी भांडण झालं तरी रात्री साडेनऊला फोन येतोच, गोळी घेतली का, की संपला रुसवा. तेव्हा वाटायचं याच्या आयुष्यात आपणच पहिल्या असायला हव्यात. आता त्यांच्या भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो, माझ्याकडे मिस्टरांचा, आणि आम्ही त्या दोघांबद्दल तासन् तास बोलतो. खोटं कशाला बोलू, ती आमटीत गूळ कसा घालायची हे चौथ्यांदा ऐकलं तेव्हा मला लागलं. मग घरी येऊन मी पण गूळ घालून बघितला. चांगली लागते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, या वयात प्रेमात हिशोब बघू नका. का नको? मिस्टर खाजगी कंपनीत होते, मला ईपीएसची (पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची) विधवा पेन्शन मिळते, पुन्हा लग्न केलं की ती बंद. किमान १००० रुपयेवाली पेन्शन आहे, थोडीच वर, पण माझ्या नावाने येते. त्यांचं म्हणाल तर मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बायकोला मुलांच्या बरोबरीचा वाटा, म्हणून त्यांचा मुलगा पहिल्या भेटीत माझ्याशी जरा फटकूनच होता. मला राग नाही आला, मी त्याच्या जागी असते तर मीही फ्लॅटकडेच बघितलं असतं. त्यांनी मृत्युपत्र करून रजिस्टर केलं, फ्लॅट मुलाला, तेव्हा तो चहाला थांबला. रजिस्टर लग्न करायचं तर स्पेशल मॅरेज ॲक्टखाली ३० दिवस आधी नोटीस लागते, हेही आम्ही स्वतःच शोधलं. पुण्यात २०१२ पासून ज्येष्ठांच्या लिव्ह-इनचं मंडळसुद्धा आहे, त्याबद्दलही इथे कुणी चकार शब्द काढला नाही. आमचं अजून ठरलेलं नाही, सध्या दोन घरं, दोन किल्ल्या, रविवारची आमटी एकत्र.

परवा ऑफिसातून फोन, काकू नोंदणी संपतेय, रिन्यू करायची का. नको म्हटलं तर मुलगी हळहळून म्हणाली, अजून काही स्थळं दाखवू का? गुरुवारी आम्ही दोघं एकाच गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातोय हे तिला कुठे सांगत बसू.

जायचं असेल तर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. ज्येष्ठ विभाग म्हणे.