हवा भरायचा कयाक, दोन पोरं आणि भंडारदरा: सात महिने वापरल्यावर

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट छोटी होडी. दिवाळी झाल्या झाल्या घेतला होता, आता जून लागला. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं पण आपल्याकडच्या धरणांवर, तेही लहान मुलं घेऊन, असा कुणाचा अनुभव मराठीत मिळेना, म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही नाशिकचे. मी, नवरा, मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा आणि बहुतेक वेळा सोबत सासरे. आत्तापर्यंत अकरा वेळा पाण्यात उतरवलाय, त्यात पाच वेळा भंडारदऱ्याला, बाकी वैतरणा आणि मुकणेच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी आधी गावात विचारून, आणि धरणाची भिंत, दरवाजे, पाणी खेचणारी विहीर जिथे असेल तिथून लांबच.

कयाक पीव्हीसीचा, साधारण बारा फूट, बॅगेसकट 16 किलो, त्यावर 180 किलोपर्यंत चालेल असं छापलंय. आमची चौघांची वजनं मिळून 172 होतात, म्हटलं बसतंय की. बसतं, पण पाण्याची बाटली, डबा, कोरडे कपडे धरले की काठोकाठ होतं आणि मग तो इतका खाली दबतो की वल्हं मारून मारून खांदे जातात तरी पुढे सरकत नाही, वर मुलांच्या बुडाखाली सतत पाणी. दुसऱ्या खेपेपासून आम्ही दोघं आणि एकच मूल असं ठरवलं, दुसरं काठावर आजोबांजवळ. पहिल्यांदा भांडणं झाली, मग आजोबांनी घड्याळ लावून प्रत्येकाला अर्धा तास असं केलं. आता तर मुलगी काठावर बसायलाही खुश असते कारण आजोबा तिला समोरचं कळसूबाईचं टोक 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, हे प्रवरेवरचं धरण 1926 चं, इंग्रजांनी बांधलेलं, असं सगळं सांगत असतात आणि ती ते शाळेत जाऊन सांगते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, लाईफ जॅकेट. कयाकसोबत मुलांसाठी दोन जॅकेटं फुकट आली होती, दिसायला छान, केशरी. सोसायटीच्या पूलमधे कमरेएवढ्या पाण्यात मुलाला घालून बघितलं तर जॅकेट सरकून कानापर्यंत वर आलं आणि पोरगा त्याच्या आत खाली गेला, हनुवटी पाण्यात. मी हातभर अंतरावर होते तरी पोटात गोळा आला. त्या जॅकेटांना दोन पायांमधून जाणारा पट्टाच नव्हता. दुकानात तक्रार केली तर मिळालं ते फुकटचं होतं म्हणून हात वर केले. त्याच आठवड्यात मुलांच्या वजनाप्रमाणे नवीन घेतली, मानेमागे कॉलर असलेली, पायातून पट्टा असलेली, शिट्टी लावलेली. घालून सगळे पट्टे आवळायचे आणि जॅकेटच्या खांद्याला धरून मूल वर उचलायचं, जॅकेट नाकापर्यंत आलं तर ते चालणार नाही. पॅकेटवर 50 न्यूटन (जॅकेटची तरंगवायची ताकद) लिहिलेलं हे पोहता येणाऱ्यांसाठी असतं, न येणाऱ्या मुलांना 100 चं बघा. कयाकमधे दोन-चार हजार कमी घाला पण इथे वाचवू नका. आणि ही ट्रायल शेततळ्यात कधीच करू नका, प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ असतं, मोठ्या माणसालाही चढून बाहेर येता येत नाही, आपल्या जिल्ह्यात दरवर्षी अशा बातम्या वाचतो आपण.

दुसरं म्हणजे वारा. फेब्रुवारीत रतनवाडीच्या बाजूला उतरलो होतो, सकाळी साडेसातला पाणी इतकं स्थिर की रतनगड उलटा दिसत होता, वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांचासुद्धा आवाज येत होता. मुलगा पुढे बसून हात बुडवून बसलेला. त्या शांततेत आम्ही जास्तच आत गेलो. साडेदहा-अकराला ऊन तापलं आणि वारा सुटला, समोरून. हवेचा कयाक हलका, पाण्यात रुतत नाही, नुसता वर तरंगतो, त्यामुळे वारा त्याला सरळ ढकलतो. मी काठावरचं एक वाळकं झाड खूण म्हणून धरलं होतं, दहा मिनिटं जीव खाऊन वल्हवलं आणि बघते तर तेच झाड तिथंच. एक मासेवाले दादा ट्यूबवर बसून जाळं ओढत होते, त्यांनी ओरडून सांगितलं, "ताई, मधनं नका येऊ, डोंगराच्या आडोशानं कडंकडंनं या." तसं आलो, पण जाताना वीस मिनिटं लागली होती तिथे यायला तासाच्या आसपास लागला. मुलाचा कॉटनचा टीशर्ट भिजलेला, ओठ निळसर पडलेले, दात वाजत होते. काठावर आल्यावर कपडे काढून त्याला सासऱ्यांच्या शालीत गुंडाळलं तेव्हा जीवात जीव आला.

तेव्हापासून दहाला काठावर म्हणजे काठावर. त्यासाठी पहाटे पाचला घर सोडायचं, घोटीवरून पावणेदोन तासांत पोचतो. आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहतो, आणि काठावरच्या माणसाशी हाक मारून बोलता येईल इतकंच लांब जायचं. मुलांना कॉटन अजिबात नको. मासेवाल्यांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे पांढरे तुकडे दिसले की लांबून वळसा, कयाकच्या तळाची फिन (सरळ जायला मदत करणारं पातं) त्यात अडकते, त्यांचं नुकसान होतं ते वेगळं. फिन काढून चालवायचा विचार करू नका, गोल गोल फिरत राहतो.

वस्तूबद्दल. पंपाने भरायला दोघांना बारा-पंधरा मिनिटं लागतात. सकाळच्या गारव्यात कडक भरलेला कयाक उन्हात काठावर ठेवला की आतली हवा फुगते, बोटाने वाजवला तर ढोलकीसारखा टणटण वाजतो, तेव्हा थोडी हवा सोडायचीच नाहीतर शिवणीवर ताण येतो. मार्चमधे तळाचा कप्पा सारखा मऊ पडायला लागला, पंक्चर वाटलं. साबणाचं पाणी लावून बघितलं तर बुडबुडे व्हॉल्वमधून येत होते, आतल्या रबरी पडद्याखाली वाळूचा एकच कण अडकलेला. जुन्या टूथब्रशने साफ केला, आजपर्यंत परत त्रास नाही. सीटचा पट्टा मात्र चौथ्या महिन्यात उसवला, वॉरंटीत बसत नाही म्हणाले, शेवटी भद्रकालीत बॅगा शिवणाऱ्या एका काकांनी जाड दोऱ्याने दुहेरी शिवण मारून दिली, कंपनीच्या शिवणीपेक्षा ती भक्कम आहे.

वाळवणं हे खरं काम. घरी येऊन गच्चीवर सावलीत उघडून, तळाच्या खाचा कोरड्या फडक्याने पुसून, एक रात्र तसाच ठेवायचा. एकदा कंटाळा करून ओला गुंडाळला तर तीन दिवसांत काळे ठिपके आणि कुबट वास, व्हिनेगरच्या पाण्याने पुसून कसाबसा गेला. एप्रिल-मेमधे पाणी उतरलं की काठाला गुडघाभर चिखल आणि पाण्याखाली झाडांचे खुंट असतात, तेव्हा मुलांना घेऊन आम्ही जात नाही.

आता पावसाळाभर पॅक. माळ्यावर ठेवू नका, उंदीर पीव्हीसी कुरतडतात, आमचा दिवाणात पत्र्याच्या पेटीत आहे. पाऊस थांबून विसर्ग पूर्ण बंद झाल्याशिवाय उतरायचं नाही हे ठरलंय, म्हणजे बहुतेक दसऱ्यानंतरच. मुलीच्या जॅकेटचा वजनाचा आकडा तोवर पुढचा घ्यावा लागेल, ती 22 किलोची होती तेव्हा घेतलेलं आता छातीला घट्ट होतंय.