जुनं काकेजिकु घरात: 14 महिन्यांनंतर

क्योतोत आम्हाला भाड्याने मिळालेलं घर जुनं, लाकडी, आणि बैठकीत तोकोनोमा असलेलं. तोकोनोमा म्हणजे जमिनीपासून चार बोटं उंच, भिंतीत आत गेलेला कोनाडा. मान देवघराचा, पण देव नाही. तिथे एक काकेजिकु, म्हणजे गुंडाळून ठेवायचं लटकतं चित्र, आणि खाली फुलं. बस्स. आम्ही पहिले दोन महिने तिथे व्हॅक्यूम क्लीनर उभा केला होता. घरमालकीणबाईंनी तो पाहिला आणि काहीच बोलल्या नाहीत. इथे ते बोलण्यापेक्षा वाईट.

मग खरेदी. दर महिन्याच्या 21 तारखेला तोजी मंदिराच्या आवारात कोबो दाइशी या जुन्या बौद्ध आचार्यांच्या नावाने जुना बाजार भरतो. लोक त्याला लाडाने ‘कोबो-सान’ म्हणतात. जुनी काकेजिकु तिथे पिंपात काठ्यांसारखी खोचलेली असतात. नव्या फ्लॅटांत तोकोनोमा नसतो. आजी-आजोबांचं घर रिकामं झालं की डबेच्या डबे बाजारात येतात, आणि भाव पडतात.

पहिलं घेतलं ते धबधबा चढणाऱ्या कोइ माशाचं, 3,000 येन. घरी येऊन भिंगातून पाहिलं तर सगळे ठिपके! छापील. विकणाऱ्याने हातचं आहे असं म्हटलंच नव्हतं, मीच गृहीत धरलं. तेव्हापासून पर्समध्ये भिंग असतं. हाताने काढलेल्या चित्रात शाई रेशमात मुरलेली दिसते, फटकारा फटकाऱ्यावर चढतो तिथे गडद होते. किरीच्या हलक्या लाकडाचा डबा सोबत असला, त्यावर चित्रकाराची सही असली, तर किंमत चढते. पण डब्यावर विसंबू नका. एकाचा डबा नि दुसऱ्याचं चित्र अशी लग्नं त्या बाजारात सर्रास लागतात.

दुसरं मात्र खरं निघालं. काकी, म्हणजे पर्सिमन, या फळांनी वाकलेली फांदी, त्यावर पाठमोरा पक्षी. 8,000 येन. सही अजून कुणाला लागलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मला फिकीरही नाही. हे चित्र उभ्याने बघायचं नाही, तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, बसून बघायचं, हे कळायला आठवडा लागला. उभं राहिलं की नुसती फांदी दिसते. बसलं की वरची मोकळी जागा आभाळ होते. फ्रेमच्या चित्रात हे सुख मला कधी मिळालं नाही. घ्यायच्या आधी मात्र उंची मोजा: रुंदी हातभर, पण लांबी दोन मीटरच्या आसपास जाते. आणि लावायला याहाझु, म्हणजे टोकाला बेचकं असलेली काठी, घ्याच. स्टुलावर चढून लावताना मी एकदा दोरीच चुकवली होती.

आता चूक. ते चित्र इतकं आवडलं की वसंतात लावलं ते काढलंच नाही. जूनमध्ये त्सुयु, इथला पावसाळा, सुरू झाला. त्यात समोरून एसी. जुलैअखेर दोन्ही कडा आत वळल्या आणि खालचा दांडा एका बाजूने उचलला गेला. ह्योगुशीकडे, म्हणजे ही चित्रं मढवणाऱ्या कारागिराकडे, घेऊन गेले. त्यांनी समजावलं: चित्राचं रेशीम, भोवतीचं जरीकाम, मागचे कागदाचे थर, सगळे दमटपणा वेगवेगळा पितात, म्हणून ओढाताण होते. खळ गव्हाच्या सत्त्वाची. मागच्या थरांसाठी तर ती वर्षानुवर्षं मुरवून मुद्दाम कमजोर केलेली वापरतात, म्हणजे चित्र मऊ गुंडाळलं जातं. आणि शंभर वर्षांनी कुणाला पाणी लावून थर सोडवता यावेत म्हणून गोंद वापरत नाहीत. ऐकायला फार सुंदर. नव्याने मढवायचा खर्च चित्राच्या दहापट! मी नमस्कार करून परत आले. कडा अजून थोड्या वळलेल्याच आहेत.

त्यांनीच सांगितलं की तीन-चार आठवडे लावा आणि काढा. एकच चित्र बारा महिने टांगणं इथे सहसा कुणी करत नाही. ऋतू बदलला की चित्र बदलतं. आई पैठणीची घडी मोडून वेगळी घालते, कोरड्या हवेत कपाटातून काढून वारा देते, तसंच. असा वारा देण्याला इथे मुशिबोशी म्हणतात. गुंडाळताना हात सैल ठेवा, कागदाची पट्टी दोरीखाली घाला, पावसाळी दिवशी डब्यात भरू नका. आडव्या चुण्या पडल्या की इस्त्री करायचा मोह होतो. नको.

त्यामुळे ‘एकदा लावलं की झालं’ अशी सजावट हवी असेल तर हे घेऊ नका. मला आता बदलायचा दिवसच आवडतो. छापील कोइ मी मे महिन्यात, मुलांच्या सणाला, बिनदिक्कत लावते. त्याच्या कडा मात्र आजवर जराही वळलेल्या नाहीत.

या डिसेंबरात नाशिकला जाताना आईसाठी एक न्यायचं आहे. काकीच्या फांदीचंच नेणार होते, पण त्याच्या दांड्याची पांढरी टोकं हाडाची की हस्तिदंताची हे नक्की होईना, आणि हस्तिदंत घेऊन भारतात उतरणं म्हणजे सरळ कायद्याशी गाठ. म्हणून लाकडी टोकांचं दारुमाचं चित्र घेतलंय. दारुमा म्हणजे आपल्याकडूनच गेलेला बोधिधर्म. आईने व्हिडिओ कॉलवर पाहून विचारलं, “हा एवढा का चिडलाय गं?”