व्हायटल सिंथेसायझर: स्वराची वळणे हाताने घडवताना

दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि वडसा परिसरातील मंडळ्यांसोबत रात्रभर की-बोर्ड वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला एकाच वाद्यातून पेटी, तंतुवाद्य आणि खंजिरी असे सगळेच काढावे लागते. तयार प्रीसेटचे स्वर प्रसंगाला पुरत नाहीत, म्हणून गेल्या हंगामापासून मी लॅपटॉपवर व्हायटल हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर, म्हणजे संगणकावर स्वर घडवणारे वाद्य, वापरतो. मॅट टायटेल यांनी तो २०२० मध्ये आणला. मोफत आवृत्तीतही ध्वनी घडवण्याची मुख्य साधने मिळतात. पैसे मोजल्यावर वाढतात ते प्रामुख्याने प्रीसेट आणि वेव्हटेबल (स्वराच्या मूळ लहरींचे संच).

त्यात सहा एन्व्हलप (स्वर सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत एखादे मूल्य कसे बदलावे हे ठरवणाऱ्या रेषा) असून पहिला थेट आवाजाच्या पातळीला जोडलेला असतो. अटॅक (चढ), डिके (उतार), सस्टेन (धरून ठेवलेली पातळी) आणि रिलीज (स्वर सोडल्यावरचा उतार) यांच्या जोडीला डिले (सुरुवातीची थांबणूक) आणि होल्ड (शिखरावरची थांबणूक) हेही टप्पे आहेत. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते दोन टप्प्यांमधली रेषा माऊसने वाकवता येणे. छेडलेल्या तारेचा आवाज सरळ रेषेत उतरत नाही. तो आधी झपाट्याने पडतो आणि मग बराच वेळ रेंगाळतो. डिकेचा कालावधी तोच ठेवून केवळ रेषा खाली झुकवली, तेव्हा इतके दिवस निर्जीव वाटणारा माझा ध्वनी तारेसारखा बोलू लागला. पेटीचे याच्या उलट आहे: अटॅक ५० मिलिसेकंदांच्या आसपास आणि सस्टेन पूर्ण ठेवला की भात्याची हवा भरल्याचा भास होतो. खंजिरीसाठी मी दुसरा एन्व्हलप स्वराच्या उंचीला जोडला, कारण थाप पडल्यावर स्वर क्षणात किंचित खाली घसरतो, आणि तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेल्या आमच्या प्रेक्षकांच्या कानाला ती घसरण नसेल तर लगेच कळते.

मॉड्युलेशनसाठी, म्हणजे एखादे मूल्य आपोआप बदलते ठेवण्यासाठी, एन्व्हलप किंवा एलएफओ (मंद गतीने पुन्हा पुन्हा फिरणारी लहर) ओढून हव्या त्या नॉबवर सोडायचा, एवढेच करावे लागते. मात्रा नॉबभोवतीच्या कड्यावर दिसते. शिवाय एका जोडणीची मात्रा दुसऱ्या एन्व्हलपच्या हाती देता येते. करुण प्रसंगातील दीर्घ स्वर आधी स्थिर राहून नंतर हळूहळू आंदोलित व्हावा, हे मला याच मार्गाने साधले.

एन्व्हलपमध्ये जादा बिंदू टाकता येत नाहीत. तसे गुंतागुंतीचे वळण हवे असल्यास आठपैकी एखाद्या एलएफओमध्ये ते रेखाटून तो एकदाच चालेल असा ठेवावा लागतो. जुन्या लॅपटॉपवर ओव्हरसॅम्पलिंग (ध्वनी अधिक बारकाईने मोजण्याची, पण प्रोसेसरवर ताण टाकणारी सोय) कमी ठेवणे इष्ट.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो: रिलीज अगदी शून्यावर नेल्यास स्वर सोडताना ‘टक्’ असा आवाज येऊ शकतो, जो हेडफोनवर निसटतो पण मंडपातील भोंग्यांवर बोचतो. रिलीज १५-२० मिलिसेकंद ठेवावा आणि ध्वनी जतन करण्यापूर्वी रंगीत तालमीत भोंग्यांवरच ऐकावा.