सी++ चा वीक पॉइंटर: दोन वर्षं रोज वापरून झाल्यावर

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या ऑब्जेक्टचा पत्ता, आणि वीक पॉइंटर म्हणजे ऑब्जेक्टला धरून न ठेवता तो अजून जिवंत आहे का एवढंच सांगणारा पॉइंटर. माल काही नवीन नाहीये. सी++११ पासून स्टँडर्ड लायब्ररीत शेअर्ड पॉइंटरच्या (ऑब्जेक्ट किती जणांनी धरलाय याचा काउंट ठेवून शेवटचा सुटला की तो डिलीट करणारा) शेजारी बसलाय, त्याआधी बूस्ट नावाच्या लायब्ररीत होता, पण मी त्याच्याकडे कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं कारण आपण डिलीट नीट करतो ना, मग कशाला हे लचांड, असा माझा तोरा होता.

तो उतरवला एका फुटकळ विंडोने. डाउनलोड किती टक्के झालं एवढंच दाखवणारी विंडो, डाउनलोडरला कॉलबॅक (आकडा बदलला की बोलव, असं सांगून दिलेलं फंक्शन) म्हणून एक लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, दिलेला आणि लॅम्डात धिस, म्हणजे विंडोचा स्वतःचा पत्ता, कॅप्चर केलेला. सगळं मस्त चालायचं, फक्त युजरने डाउनलोड संपायच्या आत विंडो बंद केली की कधी क्रॅश व्हायचा, कधी नाही व्हायचा, आणि माझ्या मशीनवर तर कधीच नाही. शेवटी डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायला बनवलेला प्रोग्राम) प्रत्येक कॉलबॅकला विंडोतला शेवटचा आकडा लॉगमध्ये छापायला लावला, तर ६८, ६९, ७० आणि मग एकदम -५७२६६२३०७. हा आकडा आता मी झोपेतही ओळखेन. व्हिज्युअल स्टुडिओचा डीबग हीप (डीबग बिल्डमध्ये मेमरी देणारा-घेणारा भाग) मोकळ्या केलेल्या मेमरीत प्रत्येक बाइटला हेक्समधला डीडी भरून ठेवतो आणि असे चार बाइट इंट म्हणून वाचले की बरोब्बर हेच येतं. म्हणजे विंडो केव्हाच गेलेली आणि लॅम्डा जुन्याच पत्त्यावर वाचत बसलेला. युजरकडे जाणाऱ्या रिलीज बिल्डमध्ये ते डीडी कोणी भरत नाही, त्यामुळे बऱ्याचदा जुना ७० तसाच मिळायचा आणि सगळं आलबेल दिसायचं.

मग मी काय केलं, तर नल चेक टाकला, म्हणजे पॉइंटर रिकामा (नल) आहे का ते तपासलं. हसू नका. डिलीट केलं म्हणून पॉइंटर आपोआप नल होत नाही, आणि तुम्ही हाताने नल केलात तरी तो तुमच्या हातातला एकच, बाकी ज्यांनी ज्यांनी त्याची कॉपी घेऊन ठेवलीये त्यांना कोण सांगणार?

दुसरा प्रयत्न, लॅम्डात शेअर्ड पॉइंटरच कॅप्चर केला. क्रॅश गायब! चहा प्यायलो, खूश. दोन दिवसांनी लक्षात आलं की विंडो उघडली-बंद केली, उघडली-बंद केली की मेमरी चढतच जातीये, आणि विंडोच्या डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट मरताना चालणारं फंक्शन) ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे प्रोग्राम तिथे थांबायला सांगितला, तर तिथे कोणी फिरकतच नाहीये. कारण विंडोकडे डाउनलोडर, डाउनलोडरकडे लॅम्डा, आणि लॅम्डाकडे परत विंडो, तिघं एकमेकांना धरून बसलेले, काउंट शून्यावर येणार कसा.

इथे वीक पॉइंटर कामाला आला. तो ऑब्जेक्टला धरून ठेवत नाही, फक्त त्याच्या कंट्रोल ब्लॉकवर (काउंट जिथे लिहिलेला असतो ती जागा) नजर ठेवतो. त्याला ना स्टार ऑपरेटर ना बाण, डायरेक्ट वापरताच येत नाही, आधी लॉक करायचं, ऑब्जेक्ट जिवंत असेल तर शेअर्ड पॉइंटर मिळतो, नसेल तर रिकामा. म्हणजे इफच्या कंसातच लॉक करून व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, मिळालं तर आकडा अपडेट, नाही मिळालं तर गुपचूप परत. माझ्या त्या विंडोत बदल मोजून तीन ओळींचा झाला. सुरुवातीला हे दरवेळी विचारणं जाम कटकटीचं वाटतं, पण मला विचाराल तर यातलं सगळ्यात भारी हेच आहे, लॉक विसरायची सोयच ठेवली नाहीये, विसरलात तर कंपाइलच होत नाही.

आता काही ठेचा मी खाल्ल्यात, तुम्ही खाऊ नका. एक्स्पायर्ड नावाचं फंक्शन दिसायला गोड आहे, पण एक्स्पायर्ड नाही ना असं विचारून मग लॉक केलंत आणि मिळालेलं न तपासताच वापरलंत तर त्या मधल्या क्षणात दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये सोबतच चालणारं दुसरं काम) ऑब्जेक्ट उडवू शकतो. लॉक ते तपासणं आणि पकडणं एका दमात करतं, तेच वापरा. कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणारं फंक्शन) स्वतःचा शेअर्ड पॉइंटर मागायला जाऊ नका, तोवर तो तयारच नसतो, सी++१७ पासून सरळ बॅड वीक पॉइंटरचं एक्सेप्शन येतं, त्याआधी काय होईल याची गॅरंटीच नव्हती.

आणि ही ठेच सगळ्यात जास्त लागली. बॅकग्राउंड थ्रेडने लॉक केलं, त्याचं काम चालू असताना युजरने विंडो बंद केली, आता शेवटचा शेअर्ड पॉइंटर कोणाकडे? बॅकग्राउंड थ्रेडकडे! मग डिस्ट्रक्टर पण तिथेच चालला आणि यूआयच्या, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या, गोष्टी यूआय थ्रेडच्या बाहेर मरायला लागल्या. डँगलिंग (मेलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता धरून बसणं) गेलं आणि हे नवीनच आलं. आता मी कॉलबॅकचं काम आधी यूआय थ्रेडच्या रांगेत टाकतो आणि लॉक तिथे पोचल्यावरच करतो.

मेमरीचं पण एक आहे. मेक शेअर्डने (शेअर्ड पॉइंटर बनवायचं तयार फंक्शन) बनवलंत तर ऑब्जेक्ट आणि कंट्रोल ब्लॉक सहसा एकाच तुकड्यात येतात, मग डिस्ट्रक्टर वेळेवर चालतो खरा पण शेवटचा वीक पॉइंटर जाईपर्यंत तो तुकडा परत मिळत नाही. आत आपली मेमरी वेगळी घेणारा व्हेक्टर वगैरे असेल तर घाबरू नका, त्याची मेमरी डिस्ट्रक्टरमध्ये सुटतेच, पण माझ्या कॅशमधल्या (परत लागेल म्हणून साठवलेला डेटा) क्लासमध्ये ४ एमबीचा ॲरे थेट मेंबर म्हणून होता, तो मेल्यावरही जागा अडवून बसायचा. तिथे मेक शेअर्ड सोडून साध्या न्यूने बनवला.

एक स्टार कापलाय तो जबरदस्तीसाठी. वीक पॉइंटर हवा तर ऑब्जेक्ट शेअर्ड पॉइंटरमध्येच पाहिजे, एकच मालक असणाऱ्या युनिक पॉइंटरला वीक नाहीच. मालक खरं तर एकच आहे, मला फक्त तो गेला का एवढंच कळायला हवंय, तरी सगळा मामला शेअर्ड करून बसा, आणि एकदा शेअर्ड झालं की टीममधलं कोणीतरी कुठेतरी एक कॉपी धरून ठेवतंच. क्यूटी ही यूआय लायब्ररी वापरणाऱ्यांचं या बाबतीत बरंय, त्यांचा क्यूपॉइंटर साध्या क्यूऑब्जेक्टवर (क्यूटीचा मूळ क्लास) चालतो आणि ऑब्जेक्ट गेला की आपोआप नल होतो, फक्त क्यूऑब्जेक्टच लागतो. ॲपलच्या स्विफ्टमध्ये तर वीक भाषेतच आहे, ऑप्शनल (रिकामा असू शकणारा) असल्यामुळे तपासावं लागतंच, पण तिथला अनओन्ड घेताना नीट विचार करा, ऑब्जेक्ट गेल्यावर हात लावलात की प्रोग्राम तिथेच आडवा. जावाच्या वीक रेफरन्सशी तुलना करू नका प्लीज, तिथे गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप सोडवणारा) असल्यामुळे असं डँगलिंग होतच नाही, तो वेगळ्या कामाला आहे.

कोणी घ्यावा? कॉलबॅक, ऑब्झर्व्हर, कॅश, झाडात मुलाकडून बापाकडे जाणारा दुवा, इथे डोळे झाकून घ्या. एकाच फंक्शनच्या आत जन्मून मरणाऱ्या ऑब्जेक्टला साधा रेफरन्स पुरतो, उगाच काउंट वरखाली करू नका. आणि जुना कोड बदलायला घेण्याआधी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं टूल) लावून एकदा पळवा, प्रोग्राम अंदाजे दुप्पट हळू होतो पण कोणी हात लावला, कोणी मोकळं केलं आणि मुळात कोणी बनवलं होतं ते तिन्ही स्टॅक (त्या त्या वेळी कुठून कुठलं फंक्शन बोलावलं त्याची यादी) समोर ठेवतो. माझ्या त्या विंडोचा निकाल त्याने पहिल्याच रनमध्ये लावला असता, मी तीन दिवस लॉग वाचत बसलो होतो.