मोटरहोमचं ‘काळं’ ऑईल आणि गेलेले १९,८२० रुपये

मुंबई-गोवा महामार्गाने मोटरहोम किंवा कॅम्पर, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, घेऊन कोकणात उतरणाऱ्यांनी हे वाचा आणि मगच निघा. टायरची हवा बघायला थांबलो आणि १०,८२० रुपये मोजून बाहेर पडलो. पुढे टोइंगचे ३,५००. मग खरं काम करून घ्यायला ५,५००. एकूण १९,८२०. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. चिपळूण सोडल्यावर, संगमेश्वरच्या अलीकडे, एवढं सांगतो.

युक्ती जुनीच. हवा भरता भरता पोरगा म्हणतो, “काका, बॉनेट उघडा, फुकट चेक करून देतो.” फुकट म्हटल्यावर पुढचं तुम्हाला माहीतच आहे. डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, ओढली, बोटावर थेंब घेऊन नाकासमोर धरला. “डांबर झालंय काका.” डिझेलचं ऑईल काळं होतंच, हे मला कुणी शिकवायला नको. नवीन घातलेलं ऑईलसुद्धा काजळीने थोड्याच किलोमीटरांत काळं पडतं, आणि काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. मी तसं म्हणालोही. मग त्याने दुसरा फासा टाकला. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली आणि दाखवली, तर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली! “गाडी ऑईल खातेय. असंच पुढे नेलंत तर इंजिन बसेल.”

आता कळतं. घाट चढून आलेली गाडी, इंजिन नुकतंच बंद केलेलं, गॅरेजचं अंगण उतारावर. निम्मं ऑईल अजून वरच होतं. शिवाय डिपस्टिक शेवटपर्यंत आत गेली होती की नाही, देव जाणे. गाडी सपाटीवर उभी करायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मग पातळी बघायची, आणि डिपस्टिक स्वतःच्या हाताने घालायची. दुसऱ्याने ओढून दाखवलेल्या पातळीवर एक पैसा देऊ नका.

पण त्या वेळी मागच्या पलंगावर सासूबाई आडव्या, उन्हाने गाडी तापलेली, आणि अंधार पडायच्या आत गणपतीपुळ्याला पोचायचं. पाच महिन्यांपूर्वीच ऑईल बदललेलं होतं, गाडी जेमतेम ४,००० किलोमीटर धावलेली. पुस्तकात माझ्या गाडीला २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याचं उत्तर तयार होतं: “ते साध्या गाडीला काका. ही मोटरहोम. हिला दर तीन हजाराला बदलायचं असतं.” सासूबाई आजारी असताना इंजिन बसण्याची जोखीम तुम्ही घेतली असती का?

खरा क्षण पुढेच होता, आणि तो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पोऱ्या वहीच्या कागदावर हिशेब मांडत होता. पहिलीच ओळ, ‘ऑईल ९ ली.’ माझ्या इंजिनात फिल्टरसकट साडेसहा लिटर बसतं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, हात लांबवला असता तर हातात आलं असतं. मी विचारलं, “नऊ कसे?” तो मान वर न करता म्हणाला, “वजन जास्त ना काका, ऑईलपण जास्त लागतं.” सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीला, काय माहीत वर सीट आहे की पलंग? वजन वाढलं म्हणून इंजिनाच्या पोटात जास्त मावत नाही. हिने तेव्हाच म्हटलं होतं, “अहो, पुस्तक बघा ना एकदा.” तेवढ्यात सासूबाईंनी पाणी मागितलं आणि विषय राहिला तो राहिलाच.

बिल असं: ऑईल ९ लिटर, ७८० दराने ७,०२०. फिल्टर ९५०. फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुवायचं द्रव, ८५०. ‘इंजिन ट्रीटमेंट’ नावाची बाटली १,४००. मजुरी ६००. पक्कं बिल मागितलं तर म्हणे प्रिंटर बंद आहे. पैसे मात्र यूपीआयने दिले, आणि पुढे तेवढाच पुरावा कामाला आला. रोख देऊ नका, कधीही.

हातखंब्याच्या अलीकडे गाडी गरम असताना आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, लाल दिवा लुकलुकायला लागला. ऑईल प्रेशरचा. हा दिवा लागला की पुढचं गाव गाठू वगैरे करायचं नाही, तिथल्या तिथे इंजिन बंद. मी केलं, म्हणून इंजिन वाचलं. टोइंग करून रत्नागिरीच्या वर्कशॉपला नेली. त्यांनी ऑईल काढलं तर पाण्यासारखं पातळ, कुठल्या ग्रेडचं ते सांगायची सोय नाही. मग फोरमनने मला गाडीखाली बोलावून बॅटरी मारली. फिल्टर! खालचा अर्धा भाग फडक्याने पुसून चकचकीत केलेला. वरच्या, चेसिसच्या बाजूला मार्करने लिहिलेली पाच महिन्यांपूर्वीची तारीख आणि किलोमीटर, शेवटचे दोन आकडे तेवढे पुसट. ९५० रुपये पुसण्याचे.

योग्य ऑईल साडेसहा लिटर ४,०३०, फिल्टर ६८०, ड्रेन प्लगचा वॉशर ४०, मजुरी ७५०. जीएसटीसकट, पक्कं बिल.

गाडी बीएस-६ (प्रदूषणाचा नवा निकष) असेल आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, असेल तर कमी राखेचं, लो-सॅप्स ऑईलच लागतं. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, ऑईलची राख जळत नाही, ती साचत राहते. त्यामुळे ‘त्याच्यापेक्षा भारी आहे’ म्हणून कोणी दुसरं ओतत असेल तर हात धरा. कॅनचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. माझ्या वेळी कॅन आधीच उघडे होते, “सकाळीच उघडलेत” म्हणाला. रिकामे कॅन आणि जुना फिल्टर सोबत घेऊन निघा. कॅनला भोक पाडा, नाहीतर त्यातच नकली भरून पुढच्याच्या गळ्यात मारतील.

आता सरकारी दरबार. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी कागद उलटासुलटा केला. “यावर शिक्का कुठाय? ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे म्हटलं तर “तुम्ही वकील का?” बरं, अर्ज तरी घ्या. घेतला, पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत. तिथून परिवहन खात्याच्या एका कार्यालयात गेलो. गॅरेज त्यांच्या अखत्यारीत येत नाही म्हणाले, पण माझ्या गाडीत त्यांना भलताच रस! आत गॅस सिलिंडर कुठे ठेवता, पलंगाचा बदल आरसीवर चढवलाय का, कागद दाखवा. म्हणजे लुटला गेलो मी आणि तपासणी माझी! तिसऱ्या कार्यालयात सांगितलं, मापात कमी भरल्याची तक्रार असेल तर सीलबंद कॅन आणा. सीलबंद असता तर रडत कशाला आलो असतो? ऑईल कंपनीला फोन लावला तर बॅच नंबर द्या. कॅन गॅरेजवाल्याकडे. प्रत्येकाला तोच कागद हवा असतो जो चोर तुम्हाला देत नाही.

१९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून घेतात, समोरच्याला कळवतात, पण निकाल द्यायचा अधिकार त्यांना नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोग. रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील लागत नाही, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. मुदत दोन वर्षं. वर्कशॉपच्या फोरमनकडून लेखी घ्या, आणि फिल्टर जागेवर असतानाच फोटो काढा. काढून टेबलावर ठेवलेल्या फिल्टरला कोण विचारतो?

आणि ज्यांची मोटरहोम वर्षाला तीन-चार हजारच धावते त्यांनी किलोमीटर मोजत बसू नये, वर्ष मोजा. जून ते सप्टेंबर गाडी उभी, खारी दमट हवा, ऑईलमध्ये ओलावा आणि आम्लं साचतात. मे अखेरीस, उभी करायच्या आधी बदला, म्हणजे पावसाळाभर आत घाण राहत नाही. मधेच दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवण्याने ऑईल पुरतं तापत नाही, उलट ओलावा वाढतो. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा. तीन हजाराला बदला म्हणणारा तुमच्या खिशाकडे बघतोय.

जनरेटरचं ऑईल वेगळं, ते तासांवर. लहान पेट्रोल जनरेटरला साधारण १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, पुस्तकात असतं. त्या पोराने त्याचंही झाकण उघडून “हेपण डांबर” म्हटलं होतं. ४५० सांगितले. एवढं एक मात्र मी नको म्हणालो.